कमरेला परवान्याचं पिस्तूल आणि मागे पोलिसांचे दिवे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत येऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या आपल्या लोकांच्या जेवणावळीत हल्ली हा विषय हमखास निघतो. कुणी तरी नुकताच कॅरी परवाना (पिस्तूल अंगावर बाळगण्याचा परवाना) काढलेला असतो, कुणाची बायको त्याला विरोध करत असते आणि कुणी तरी विचारतं, ‘पण पोलिसाने अडवलं तर काय करायचं?’ त्या गप्पांमधले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी मिशिगनमध्ये राहतो, त्यामुळे उदाहरणं तिथली जास्त. मी वकील नाही. कायदे दर वर्षी बदलतात, म्हणून आपल्या राज्याच्या पोलिसांच्या संकेतस्थळावर नियम एकदा स्वतः वाचून घ्या.

मी एच-१बी वर आहे. परवाना काढू का?

नको. फेडरल, म्हणजे साऱ्या देशाला लागू असलेल्या, कायद्याने नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळी जवळ बाळगायलाच मनाई आहे. त्यात एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ आणि आई-वडिलांचा बी-२ हे सगळे आले. शिकारीचा वैध परवाना असलेल्यांना अपवाद आहे, पण तो फक्त फेडरल बंदीपुरता. त्याने राज्याचा कॅरी परवाना मिळत नाही. ‘माझ्या मित्राने तसं केलं’ हे ऐकून त्या वाटेला जाण्याआधी इमिग्रेशन वकिलाला फी द्या, ती स्वस्त पडेल. या गुन्ह्याची कमाल शिक्षा २०२२ पासून १५ वर्षं झाली आहे.

ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायदा अडवत नाही. मात्र ग्रीन कार्डवाल्याला शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं तर त्याला देशाबाहेर काढता येतं. नागरिकाला जी चूक दंडावर भागते, ती आपल्याला घरदार, नोकरी आणि मुलांची शाळा यांच्यावर भागवावी लागू शकते. पुढचं सगळं हे डोक्यात ठेवून वाचा.

मागे दिवे लागले. पहिलं काय करू?

इंडिकेटर द्या, वेग कमी करा आणि उजवीकडे, रहदारीपासून जरा लांब थांबा. पार्क करा, इंजिन बंद करा, काच पूर्ण खाली घ्या. रात्र असेल तर आतला दिवा लावा. पट्टा सोडू नका, कारण बकलाकडे जाणारा हात मागून बघणाऱ्याला कमरेकडे गेल्यासारखा दिसतो. मग दोन्ही हात स्टिअरिंगच्या वरच्या भागावर, बोटं पसरून.

एवढं झालं की स्वस्थ बसा. आधी तोंड, मग हात, हा क्रम मोडायचा नाही. काहीही घेण्याआधी, उघडण्याआधी, सरकवण्याआधी ते बोलून दाखवायचं, परवानगी मिळाली की हात हलवायचा.

उतरून त्यांच्या गाडीपाशी जाऊ का? तेवढाच मान राखल्यासारखं होतं.

ही आपल्याकडची सवय, आणि इथे सगळ्यात धोक्याची. पुण्यात नाहीतर नाशकात हवालदाराने हात केला की आपण गाडी बाजूला लावतो, उतरतो, कागद घेऊन ‘काय साहेब’ म्हणत त्याच्याकडे जातो. गाडीतच बसून राहिलात तर माज दिसतो. इथे उलट. दार उघडून चालत येणारा माणूस म्हणजे हल्ला करायला येणारा माणूस, असंच या पोलिसांना शिकवलेलं असतं.

मी नवा होतो तेव्हा नेमकं हेच केलं होतं. पिस्तूल तर सोडा, खिशात पेनही नव्हतं. दार उघडून एक पाय खाली टाकला आणि लाउडस्पीकरवरून असा आवाज आला की तो पाय आत घेताना चप्पल रस्त्यावरच राहिली. पोलिसाने नंतर ती उचलून दिली, आणि दंडाचं तिकीटही दिलं.

कागद आधीच काढून ठेवू का, त्यांचा वेळ वाचेल?

नको. त्यांना मागून दिसते ती फक्त एक आकृती, डाव्या-उजव्या बाजूला वाकून काही तरी शोधणारी. रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स सनव्हायझरला अडकवलेलं ठेवा, लायसन्स आणि कॅरी परवाना शर्टाच्या खिशात किंवा पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूच्या खिशात. पाकीट उजव्या मागच्या खिशात आणि होल्स्टर उजव्या कमरेला, ही जोडी बहुतेक पुरुषांची असते आणि ती आज रात्रीच बदला. पिस्तूल डॅशबोर्डच्या कप्प्यात आणि कागदही त्याच कप्प्यात, हा तर त्याहून मोठा वेडेपणा.

पिस्तूल आहे हे आपणहून सांगायचं का?

याचं उत्तर तुम्ही कुठल्या राज्यात उभे आहात त्यावर आहे.

मिशिगनमध्ये पर्याय नाही. सीपीएल (तिथला कॅरी परवाना) घेऊन पिस्तूल बाळगत असाल आणि पोलिसाने थांबवलं तर ताबडतोब सांगायचं. ‘ताबडतोब’ म्हणजे त्याने विचारल्यावर नाही, ‘गुड इव्हनिंग’च्या पाठोपाठ. नॉर्थ कॅरोलायना, नेब्रास्का, अलास्का इथेही आपणहून सांगण्याचं बंधन आहे. टेक्सासमध्ये परवानाधारकाकडे ओळखपत्र मागितलं तर लायसन्ससोबत कॅरी परवानाही पुढे करायचा असतो. मिनेसोटा आणि इलिनॉयमध्ये विचारलं तर खरं सांगावं लागतं. पेनसिल्व्हेनियात आपणहून सांगण्याचं बंधन नाही. ओहायोने तर नियमच फिरवला. आधी तिथे लगेच सांगावं लागायचं, १३ जून २०२२ पासून परवान्याशिवाय बाळगायला मुभा मिळाली आणि आता विचारलं तरच सांगायचं. डेट्रॉइटहून टोलिडो गाडीने तासाभराचं. तेवढ्यात तुमचं कायदेशीर कर्तव्य बदलतं आणि रस्त्यावर त्याची पाटी नसते.

बंधन नसलेल्या राज्यात काय करायचं यावर दोन मतं आहेत. काही वकील म्हणतात, विचारलं नाही तर विषय काढू नका, कशाला तापवायचं? माझं मत वेगळं. अनेक ठिकाणी परवाना तुमच्या नावाशी जोडलेला असतो आणि पोलिसाला तो गाडीतल्या संगणकावर दिसू शकतो. त्याला ठाऊक आहे आणि तुम्ही बोलत नाही, ही गंमत मला नको. शिवाय गाडीतून उतरवलं आणि शर्ट वर सरकून मूठ दिसली तर सांगायची वेळ गेलेली असते. मी सगळीकडे सांगतो.

नेमके शब्द काय वापरू? घाबरलो की माझं इंग्रजी बिघडतं.

सगळ्यांचंच बिघडतं, म्हणून वाक्य पाठ करा. माझं असं आहे: ‘गुड इव्हनिंग, ऑफिसर. आय हॅव अ कॅरी परमिट अँड आय ॲम कॅरिइंग. इट्स ऑन माय राइट हिप. हाउ वुड यू लाइक मी टू प्रोसीड?’ आरशासमोर नाही, गाडीत बसून, हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणा. बायकोने खिडकीबाहेर उभं राहून पोलीस व्हायचं. हसू येतं, येऊ द्या.

दोन गोष्टी पाळा. ‘गन’ हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आणू नका. शेजारून ट्रक जात असतो, पोलिसाला अर्धं ऐकू येतं, आणि ते अर्धं ‘गन’ असेल तर त्याच्या जोडीदाराच्या कानावर तेवढंच जातं. ‘परमिट’ आधी येऊ दे. दुसरं, आपली ती मान डोलवायची सवय. ‘डू यू अंडरस्टँड?’ याला आपण जी मान हलवतो ती त्यांना हो आहे की नाही तेच कळत नाही. ‘येस, सर’ किंवा ‘नो, सर’, मोठ्याने.

मी सांगितलं तरी गोळी घातली तर? फिलँडो कॅस्टीलचं काय झालं?

हा प्रश्न टाळता येत नाही. ६ जुलै २०१६ ला मिनेसोटात, सेंट पॉलजवळच्या फाल्कन हाइट्समध्ये, एका शाळेच्या कँटीनची देखरेख करणाऱ्या फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने थांबवलं. निमित्त ब्रेकलाइटचं. त्याच्याकडे परवाना होता. शांत आवाजात त्याने सांगितलं की माझ्याकडे शस्त्र आहे. मिनेसोटाच्या कायद्याने विचारल्याशिवाय सांगायची गरजही नव्हती. पुढच्या काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. गोळीबारानंतर लगेच मैत्रिणीने मोबाइलवरून ते दृश्य फेसबुकवर थेट दाखवलं. जून २०१७ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

डॅशकॅमचं चित्रण मी पाहिलं आहे. पोलिसाने आधी लायसन्स आणि इन्शुरन्स मागितलं होतं. मग शस्त्राचं कळल्यावर त्याकडे हात नेऊ नकोस म्हणाला. म्हणजे एक हुकूम हात हलवायला सांगतो आणि दुसरा हलवू नको म्हणतो. या फटीत तो माणूस गेला. कॅस्टीलचं चुकलं असं मला अजिबात म्हणायचं नाही, आणि त्याचा रंग वेगळा असता तर काय झालं असतं हा प्रश्न अमेरिकेत अजून मिटलेला नाही. आपणही गोरे नाही. पण त्या चित्रणातून मी माझ्यापुरतं एक उचललं: दोन हुकूम एकमेकांना छेदत असतील तर एकही पाळायला जायचं नाही. हात तिथेच ठेवायचे आणि विचारायचं: ‘ऑफिसर, माझं पाकीट मागच्या खिशात आहे, काढू का?’ त्याने स्पष्ट ‘हो’ म्हणेपर्यंत बोटही हलवायचं नाही. यात उर्मट काही नाही.

याने शंभर टक्के वाचाल असं सांगणारा माणूस खोटं बोलतो.

‘पिस्तूल माझ्याकडे द्या’ म्हणाला तर?

स्वतः काढून देऊ नका, त्याने हातात द्या म्हटलं तरी एकदा शांतपणे विचारा, ‘तुम्हीच काढून घ्याल का?’ बहुतेकदा तो तुम्हाला उतरवून स्वतः काढतो, किंवा ‘तू त्याला हात लावू नकोस, मी माझ्याला लावत नाही’ एवढ्यावर भागवतो. टेक्सासच्या कायद्यात तर लिहिलेलंच आहे की सुरक्षेसाठी गरज वाटली तर पोलीस परवानाधारकाचं शस्त्र काढून घेऊ शकतो आणि तुम्हाला सोडण्याआधी ते परत द्यायचं असतं. अटक झाली तर गोष्ट वेगळी.

परत मिळताना पिस्तूल रिकामं, मॅगझिन वेगळं, गोळ्या एका पिशवीत, असं डिकीत ठेवलेलं असू शकतं. तो निघून जाईपर्यंत त्याला हात लावू नका. रस्त्याच्या कडेला उभं राहून पिस्तूल भरणारा माणूस मागून येणाऱ्या दुसऱ्या पोलीस गाडीला कसा दिसेल, याचा विचार करा.

उतरायला सांगितलं तर ‘का’ म्हणून विचारता येतं का?

विचारता येतं, पण उतरावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स या खटल्यात ते ठरवून टाकलं. योगायोग असा की तो खटलाही पिस्तुलाचाच. फिलाडेल्फियात मुदत संपलेल्या नंबरप्लेटसाठी गाडी अडवली, चालकाला उतरवलं तर जॅकेटखाली फुगवटा, आणि आत भरलेलं रिव्हॉल्वर. १९९७ मध्ये मेरीलँड विरुद्ध विल्सनमध्ये सोबतच्या लोकांनाही हाच नियम लागू झाला.

‘गाडी तपासू का?’ म्हणाला तर?

हा हुकूम नसून विनंती आहे, आणि आपल्याला नाही म्हणता येतं हेच आपल्याला पटत नाही. पोलिसाला नाही म्हणणं म्हणजे काही तरी लपवणं, असं आपण लहानपणापासून धरून चालतो. ‘ऑफिसर, आय डोंट कन्सेंट टू सर्चेस’ एवढं सौम्यपणे म्हणा. तरी तो तपासायला लागला तर आडवे जाऊ नका, त्याचा निकाल कोर्टात लागतो. पोलिसाला तुम्ही धोकादायक आहात आणि हाताशी शस्त्र आहे अशी वाजवी शंका असेल तर गाडीतल्या बसायच्या भागात तो शस्त्र शोधू शकतो. हे १९८३ च्या मिशिगन विरुद्ध लाँगपासून चालत आलेलं आहे.

गांजाचा वास हा वेगळाच अध्याय. मिशिगनमध्ये गांजा २०१८ पासून कायदेशीर, दुकानं जागोजागी. पण फेडरल कायद्याने तो अजून बंदच आहे आणि गांजा ओढणाऱ्याला बंदूक बाळगायला मनाई आहे. मुलाने मित्राबरोबर गाडीत काय केलं हे तुम्हाला ठाऊक नसतं. वास मात्र सीटमध्ये राहतो.

दोन पेग झाले आहेत. गाडी मित्र चालवतोय, पिस्तूल माझ्याकडे आहे.

गाडी चालवायला रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के, पण मिशिगनमध्ये पिस्तूल बाळगताना ०.०२ च्या वर गेलात तरी अडकता. एखाद्या बिअरचा प्रश्न आहे. पार्टीला जाताना घरच्या तिजोरीत ठेवा.

मी फक्त शेजारी बसलोय. मला बोलावं लागतं का?

गाडी थांबली म्हणजे तुम्हीही थांबवले गेलात, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं आहे. मिशिगनमध्ये मी बोलतो. हात डॅशबोर्डवर, आणि चालकाचं वाक्य संपल्यावर माझं.

मागच्या सीटवर भारतातून आलेले आई-बाबा आहेत.

माझ्या मते सगळ्यात अवघड प्रसंग हाच. बाबा मध्ये बोलतात. आई पर्समधून पासपोर्ट काढायला जाते, कारण पोलीस म्हणजे कागद. आणि दोघांना तुमच्याकडे पिस्तूल आहे हेच ठाऊक नसतं, ते त्यांना पोलिसासमोर कळतं.

आल्या दिवशीच सांगून ठेवा. चहा पिताना, घाबरवून नाही. पोलिसाने थांबवलं तर हात पुढच्या सीटच्या पाठीवर, पर्स बंद, उतरायचं नाही, मी बोलेन. प्रसंग आलाच तर एकदम मराठीत सुरू होऊ नका. पोलिसाला न कळणाऱ्या भाषेत मागच्या लोकांना काही सूचना देणारा सशस्त्र चालक, असं ते दिसतं. आधी इंग्रजीत त्याला सांगा: आई-वडिलांना इंग्रजी येत नाही, त्यांना हात दिसतील असे ठेवायला सांगतो. मग ‘आई, हात पुढे ठेव, काही नाही झालं.’

मी नागरिक आहे, बायको अजून एच-४ व्हिसावर. पिस्तूल गाडीत राहिलं आणि ती गाडी घेऊन गेली.

हे व्हायला नको. तिच्या अंगावर नसलं तरी तिच्या ताब्यात होतं, असा अर्थ निघू शकतो, आणि तिला तर मुळातच बंदी आहे. पिस्तूल अंगावर किंवा तुमच्याच कोडने उघडणाऱ्या तिजोरीत. गाडीच्या कप्प्यात ते कधीच राहत नाही, असा घरचा नियम करून टाका.

डेट्रॉइटहून न्यू जर्सीतल्या एडिसनला गाडीने जातोय, लग्नाला. पिस्तूल नेऊ का?

मी नेत नाही. न्यायचंच असेल तर नकाशा नीट पाहा: मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी. पहिल्या तिघांत सांगण्याचे नियम वेगवेगळे, आणि चौथं राज्य तुमचा मिशिगनचा परवाना ओळखतच नाही.

२०१३ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका आईला न्यू जर्सीत रहदारीच्या किरकोळ कारणासाठी थांबवलं. तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा परवाना होता. तिने प्रामाणिकपणे सांगितलं, पिस्तूल आहे, हा परवाना. तिथेच अटक. तुरुंगाची किमान काही वर्षं डोक्यावर टांगली गेली. शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी माफी दिली. ती नागरिक होती. तिच्या जागी ग्रीन कार्डवाला ठेवून पाहा.

राज्यं ओलांडून न्यायचं तर १९८६ च्या फेडरल कायद्यात वाट आहे. पिस्तूल रिकामं, हाताशी येणार नाही असं, डिकीत. डिकी नसलेली गाडी असेल तर कुलूपबंद पेटीत, आणि ती पेटी डॅशबोर्डचा कप्पा नव्हे. गोळ्याही तशाच. पण मेख अशी की निघण्याच्या आणि पोचण्याच्या दोन्ही ठिकाणी ते बाळगणं तुम्हाला कायदेशीर हवं. न्यू जर्सीत चार दिवस मुक्काम असेल तर ही वाट तुम्हाला पुरत नाही. आय-८० वरून डेलावेअर नदीचा पूल ओलांडण्याआधीच काय ते ठरलेलं हवं. तिथे गोळ्यांचे प्रकार आणि मॅगझिनचा आकार यांचेही निराळे नियम आहेत.

आमच्या राज्यात परवान्याशिवायही चालतं. मग कशाला काढू?

अशी राज्यं आता २९ आहेत. तरी काढा. दुसरी राज्यं मानतात ते परवान्याला. आणि शाळेपासून १,००० फुटांच्या आतल्या रस्त्यावर भरलेलं पिस्तूल बाळगायला फेडरल मनाई आहे, तिच्यातून सूट मिळते ती त्याच राज्याने परवाना दिलेल्याला. मुलांना सोडायला रोज कुठे जाता?

सांगायला विसरलो तर?

मिशिगनमध्ये पहिल्या वेळी ५०० डॉलर दंड आणि सहा महिने परवाना निलंबित. तीन वर्षांत पुन्हा झालं तर १,००० डॉलर आणि परवाना रद्द.

तिकीट चुकीचं आहे, तिथेच वाद घालू का? आणि... काही मिटवामिटवी?

वाद कोर्टात. मिटवामिटवीचा विचार मनात आला असेल तर गाडी विकून बसने फिरा. पाकिटातून नोट बाहेर आली की तिकिटाचं प्रकरण गुन्ह्याचं होतं.

भारताचा बंदुकीचा परवाना इथे, किंवा इथला तिथे चालतो का?

दोन्हीकडे नाही. पण भारतात जाताना एक गोष्ट अवश्य करा. शूटिंग रेंजवर नेता ती बॅग मुंबईच्या प्रवासाला काढू नका. काढलीच तर अस्तर, बाजूचे कप्पे, तळाची शिवण, सगळं उलटं करून झटका. भारतीय विमानतळांवर सामानात एखादं विसरलेलं काडतूस सापडून लोकांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाले आहेत. मुद्दाम ठेवलं नव्हतं हे पटवून गुन्हा रद्द करून घेता येतो, पण त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागू शकतं, आणि तुमची रजा तीन आठवड्यांची असते. मी रेंजसाठी भडक केशरी रंगाची वेगळी बॅग घेतली. ती इतकी वाईट दिसते की बायको प्रवासाला नेऊच देत नाही.